लाल डोळा दिसला की प्रेशर मोजायला सांगा

कुत्र्याचा डोळा लाल झाला की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला, घरातला ड्रॉप. कुणाच्या तरी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली फ्रिजच्या दारात असतेच, त्यातले दोन थेंब टाकायचे, धूळ गेली असेल म्हणायचं आणि सोमवारची वाट बघायची. संध्याकाळी खाली आम्ही कुत्रेवाले भेटतो तिथे हे इतक्यांदा ऐकलंय की आता खरंच डोकं फिरतं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

त्या बाटलीत बरेचदा स्टिरॉइड असतं. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा असेल (मांजराचं नख, झुडपातली काडी, काहीही) तर स्टिरॉइडने तो भरायचं सोडून अजून खोल जातो, आणि चिघळलेला अल्सर एक-दोन दिवसात आरपार भोक पाडू शकतो. म्हणून चांगला डॉक्टर आधी ती नारिंगी पट्टी ओली करून डोळ्याला लावतो, जखम असेल तिथे निळ्या लाइटखाली हिरवं चमकतं. मगच औषध.

पण मला जास्त बोलायचंय ते काचबिंदूबद्दल, कारण आमच्या बंड्याचा उजवा डोळा त्यात गेला. बंड्या कॉकर स्पॅनियल. शनिवारी रात्री डोळा लाल दिसला, चिकन-भात तसाच ठेवला आणि डोक्यावरून हात फिरवायला गेले तर मान काढून घेतली, जे तो कधीच करत नाही. रविवारी जो दवाखाना उघडा होता तिथे टॉर्च मारून बघितलं, कंजंक्टिव्हायटिस म्हणाले, अँटिबायोटिक ड्रॉप दिला. सोमवारी डोळ्यावर निळसर धुकं आलेलं, बाहुली ही एवढी मोठी, टॉर्च मारला तरी आकसेना. मग दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे पळालो, त्यांनी पेनासारखं एक मशीन डोळ्याला हलकेच टेकवलं, टकटक झालं नि डोळ्याच्या आतल्या प्रेशरचा आकडा आला, पन्नाशीच्या पुढे! साधारण १० ते २५ च्या आत असायला हवं. लगेच शिरेतून मॅनिटॉल, ड्रॉप, सगळं झालं. प्रेशर उतरलं, नजर काही परत आली नाही.

डोळ्याच्या आत सारखं पाणी तयार होत असतं आणि कडेच्या बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. मोरी तुंबल्यासारखी ती जाळी तुंबली की आत दाब वाढतो आणि मागची नर्व्ह दबते. हे एकदम झालं तर काही तासांपासून दोन-तीन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते. कॉकर, बॅसेट, बीगल, हस्की, शिह त्झू यांच्यात हे जास्त. आणि दुखतं भयंकर, फक्त कुत्रा ओरडत नाही, तो झोपून राहतो आणि आपण म्हणतो म्हातारा झाला. काचबिंदूचा ड्रॉपसुद्धा ऐकीव माहितीवर टाकू नका, आतलं भिंग सुटून पुढे आलेलं असेल तर लॅटानोप्रोस्ट या काचबिंदूच्याच ड्रॉपने उलट बिघडतं.

पग, पेकिनीजवाल्यांची तर वेगळीच भीती. भांडणात किंवा मानेला जोरात हिसका बसला की डोळा अख्खा बाहेर येतो, हो, अक्षरशः. आत ढकलायचा नाही, सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज हलकं धरून ओला ठेवायचा, पंजा लावू द्यायचा नाही आणि थेट डॉक्टरकडे सुटायचं. गळ्यातला पट्टा काढून हार्नेस घ्या बाबांनो.

नजर हळूहळू जाते तेव्हा तर घरच्यांना पत्ताच लागत नाही, घर त्याला पाठ असतं ना. दिवाळीच्या साफसफाईत सोफा हलला की धडकतो तेव्हा कळतं. डोळ्यासमोर हात हलवून बघू नका, वाऱ्याने पण पापणी मिटते. कापसाचा बोळा वरून सोडा, आवाज नाही की वारा नाही, दिसत असेल तर नजर मागे जाते. एकदम दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं तर रक्त, साखर, बीपी सगळं तपासा. डायबिटीसमध्ये मोतीबिंदू झपाट्याने येतो, किडनीमुळे बीपी चढून रेटिना (डोळ्याचा मागचा पडदा) सुटतो, आणि गोचिडीच्या तापात डोळ्यात रक्त उतरतं. म्हातारपणी दिसणारी नुसती निळसर झाक मात्र बरेचदा मोतीबिंदू नसते, भिंग घट्ट होतं म्हणून दिसते, तेवढ्यासाठी घाबरू नका.

बंड्याचा उजवा डोळा पुढे काढावाच लागला, आंधळा तर होताच पण दुखत पण होता. आई दोन दिवस जेवली नाही, आणि हा टाके असतानाच गळ्यात तो प्लास्टिकचा कोन घालून बॉल मागायला हजर. असा काचबिंदू एका डोळ्यात झाला की दुसराही धोक्यात असतो, म्हणून डाव्या डोळ्यात रोज ड्रॉप चालू आहेत आणि अधूनमधून प्रेशर चेक.

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, टोनोमीटर, म्हणजे डोळ्याचं प्रेशर मोजायचं ते मशीन, आहे का? नसेल तर कोणाकडे आहे, आणि रविवारी रात्री तिथे कोण फोन उचलतं?