४७ सेकंद वर, ७० फूट खाली

राळेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी ३१ वर्षं परिचारिका होते. रिटायर झाले तरी गावात सगळे मला सिस्टरच म्हणतात. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला गेले, तेव्हा न्यूयॉर्कची 'वन वर्ल्ड ट्रेड सेंटर' ही इमारत बघून आले. तेव्हापासून ओसरीवर बसलं की बाया विचारतात, "सिस्टर, थे बिल्डिंग केवढी उंच हाय जी?" आमच्या गावात सगळ्यात उंच म्हणजे नळयोजनेची टाकी. तिच्या मापानं १,७७६ फूट कसे सांगायचे? म्हणून सगळं लिहूनच काढते. लेकरांकडे जाणाऱ्या आणखी कोणा आईबापाला उपयोगी पडेल.

पासपोर्ट नागपूरहून झाला. व्हिसासाठी मुंबईच्या दोन खेपा, एक बोटांच्या ठशांची आणि एक मुलाखतीची. मुलाखत मराठीत देता आली. लेकीचं बाळंतपण आहे, हे मी खरं तेच सांगितलं.

तिकडे पोचले तेव्हा लेकीला सातवा महिना होता. चालणं चांगलंच, म्हणून एका शनिवारी आम्ही तिघं निघालो. जर्सी सिटीहून 'पाथ' नावाची गाडी हडसन नदीच्या खालून जाते आणि थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या स्टेशनात उतरवते. जावईबापूंनी इमारतीची आणि शेजारच्या ९/११ हल्ल्याच्या संग्रहालयाची, दोन्ही तिकिटं ऑनलाइन काढून ठेवली होती. तिथं तिकिटावर वेळ घातलेली असते, त्या वेळेलाच आत सोडतात. त्यांनी इमारतीला एक तास धरला आणि लगेच संग्रहालय. ते काही जमलं नाही, आमची धावपळ झाली. इमारतीला दोन तास धरा आणि संग्रहालयाला किमान तीन. गुडघे दुखत असतील तर त्याहून जास्त.

तपासणी विमानतळासारखीच. माझं घड्याळही ट्रेमध्ये गेलं. त्या घड्याळाला सेकंदकाटा आहे, नाडी आणि पोटातल्या बाळाचे ठोके मोजायला मी तेच वापरत आले. लिफ्टचं दार मिटलं तसा मी काट्यावर डोळा ठेवला. १०२ मजले ४७ सेकंदांत. कानात दडे बसले, पोटात मात्र काही हललं नाही. लिफ्टच्या भिंतींवर चित्रं चालू असतात. १५०० सालापासूनचं न्यूयॉर्क, आधी नुसतं रान आणि पाणी, मग घरं, मग इमारती. शेवटाकडे एका बाजूला जुनी, पडलेली इमारत उभी राहिली. नीट बघेपर्यंत विरूनही गेली. लिफ्टमध्ये कोणी बोललं नाही.

वर १००व्या मजल्यावर चारी बाजूंनी काचा. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा करंगळीएवढा दिसतो, ब्रुकलिनचा पूल आणि दोन्हीकडच्या नद्या दिसतात. लेकीनं नदीपलीकडे त्यांचं घर कुठं असेल ते बोटानं दाखवलं. छान वाटलं. पण खरं सांगते, मनात राहिलं ते खालचं.

संग्रहालय जमिनीखाली आहे. उतरत उतरत ७० फूट खाली, खडकापर्यंत जायचं. तिथं जुन्या पायाची भिंत उघडी ठेवली आहे. आपण विहिरीला बांधकाम करतो ना, कडेची माती ढासळू नये म्हणून, तशीच ही. ही हडसनचं पाणी थोपवायला १९६०च्या दशकात बांधलेली. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यात वरचं सगळं कोसळलं, पण ही भिंत टिकली. ती गेली असती तर नदी रेल्वेच्या बोगद्यात शिरण्याची भीती होती. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. ज्या जिन्यानं शेकडो लोक जीव वाचवून बाहेर पडले, त्याच्या झिजल्या-फुटल्या पायऱ्याही तिथं ठेवल्या आहेत. एका भिंतीवर निळ्या रंगाचे २,९८३ चौकोन आहेत, गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. प्रत्येकाचा निळा वेगळा. त्या सकाळचं आभाळ आठवून आठवून रंगवलेला.

बाहेर आलो तेव्हा उन्हं उतरली होती. पडलेल्या दोन्ही जुन्या इमारती उभ्या होत्या नेमक्या त्याच जागी दोन चौकोनी हौद केले आहेत, एकेक जवळजवळ एकराचा. चारी कडांनी पाणी ३० फूट खाली पडत राहतं. इथं यायला तिकीट लागत नाही. कठड्यावर ब्राँझच्या पत्र्यात नावं आरपार कोरली आहेत, अक्षरात बोटाचं टोक जातं. नावं बाराखडीप्रमाणे नाहीत. सोबत काम करणारे, नात्यातले, मैत्रीतले असे शेजारी शेजारी ठेवले आहेत. ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावात पांढरं गुलाब खोचतात.

माझं इंग्रजी बेताचं, मी एकेक अक्षर जुळवत पुढं सरकत होते. एका बाईच्या नावापुढं आणखी शब्द दिसले. जुळवले. 'आणि तिचं न जन्मलेलं मूल.' पुन्हा वाचलं. ३१ वर्षं मी गरोदर बायांची नोंद केली. बारा आठवड्यांच्या आत नाव चढलं पाहिजे म्हणून वाड्या-तांड्यांवर पायी फिरले. आईचं नाव, वय, शेवटच्या पाळीची तारीख. बाळाचा रकाना जन्मापर्यंत कोराच राहायचा. पोटातच गेलेल्या लेकरांचं नंतर कोणी नावही काढायचं नाही, त्यांच्या आयासुद्धा माझ्याजवळच काय त्या रडायच्या. असे कितीतरी चेहरे तिथं डोळ्यापुढं आले.

लेक मागं येत होती. सातव्या महिन्यात तिनं हे वाचू नये म्हणून मी त्या नावावर हात ठेवून उभी राहिले. ती म्हणाली, "आई, मी वाचलं मघाशीच. अशी आणखी बी हायेत. चाल, तिकडं झाडाखाली बसू."

ते झाड पेअरचं. ढिगाऱ्यात होरपळलेलं सापडलं होतं. दुसरीकडे नेऊन जगवलं आणि २०१० साली परत आणून लावलं. त्याच्या सावलीत आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो.

हे सगळं मी परवा आमच्या आशाताईला सांगितलं. ती नव्या नोंदी घेऊन आली होती. ऐकून म्हणाली, "त्या पोटातल्या लेकराईले मोजलं का जी, सिस्टर?"

म्हटलं, "आकड्यात नाही मोजलं. आईच्या नावापुढं लिहिलं हाय."