लाल दिवा लागतो म्हणजे सगळं ठीक?

वायरिंग उघडलं की आधीच्या मिस्त्रीचा हात कळतो. या मॉरिस मायनर १००० या जुन्या गाडीमध्ये तो इतका चोख दिसत होता की मालक काकांचं गाऱ्हाणं मला पटेचना. गाऱ्हाणं असं: डायनामो, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं जुन्या पद्धतीचं जनित्र, काढून बसवलेला अल्टरनेटर चार्जिंग करत नाही, मिस्त्रीनं भंगारातला माल मारलाय, आणि बदलून दिलेला दुसराही तसलाच. पहिला काकांनी डिकीत ठेवला होता, पुरावा म्हणून.

मायनरचा मूळ लुकास डायनामो २२ अँपियरचा, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, जवळपास काहीच देत नाही. पुण्याच्या सिग्नलला हेडलाइट, वायपर लावून उभं राहिलं की सगळं बॅटरीतूनच जातं. म्हणून लोक ३६ अँपियरचा १७एसीआर हा लुकासचाच अल्टरनेटर बसवतात. पण गाडी मुळात पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला; अल्टरनेटरला मात्र निगेटिव्ह बॉडीला लागतो. मग बॅटरी उलटी फिरवा, कॉइलच्या वायरी अदलाबदल करा, एसयू कंपनीचा पेट्रोल पंप डायोडवाला (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग असलेला) असेल तर तोही बघा. एकदा चुकून बॅटरी उलटी लागली की अल्टरनेटरमधले डायोड गेलेच. त्या मिस्त्रीनं यातलं काही सोडलं नव्हतं. डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कटआउटचा डबा आतून रिकामा करून नुसता वायरी जोडायला ठेवलेला, म्हणजे बॉनेट उघडल्यावर गाडी जुनीच दिसावी. आउटपुटला नवी जाड वायर, टोकाचं लग दाबून वर सोल्डर. बॉनेटच्या आत रंगानं ‘निगेटिव्ह अर्थ’ लिहिलेलं, पुढच्या माणसासाठी. असा माणूस भंगार विकेल?

डिकीतला पीस आधी बेंचवर घेतला. रोटर, म्हणजे आत फिरणारी कॉइल, चार ओहमच्या आसपास, त्याला करंट देणारे कार्बन लांब, डायोड सगळे शाबूत. फिरवला, १४.२ व्होल्ट. लोड टाकला तरी आकडा ढिम्म हलला नाही.

गाडीवरचा मात्र वेगळाच वागत होता. किल्ली फिरवली की चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, इंजिन सुरू झालं तरी विझायचा नाही, बॅटरीवर १२.३ व्होल्ट, म्हणजे चार्जिंग नाहीच. जोरात रेस केलं तर दिवा पटकन जायचा, १४ यायचे, आणि आयडलला आणलं तरी टिकायचे. बंद करून परत चालू केलं की पुन्हा बोंब. काका गाडी इतकी जपून चालवतात की एवढं रेस ते जन्मात करणार नाहीत.

पाच वॅटचा टेस्ट लॅम्प बॅटरीच्या प्लसवरून अल्टरनेटरच्या बारक्या टर्मिनलला लावला. आयडललाच १४.१. मग स्पीडोमीटरच्या मागं हात घालून लाल दिव्याचा होल्डर ओढला. आत एलईडी!

या जातीच्या अल्टरनेटरला जागं व्हायला पहिला करंट त्या दिव्यातूनच मिळतो. २.२ वॅटचा साधा बल्ब साधारण १८० मिलिअँपियर जाऊ देतो, तेवढ्यात रोटरमध्ये पुरेसं चुंबकत्व येतं. एलईडी वीसेक मिलिअँपियरवर लख्ख पेटतो आणि रोटर उपाशी राहतो. अल्टरनेटरचा प्लग काढून दिव्याची वायर अर्थला टेकवायची, दिवा लागला की लाइन बरोबर, अशी आमची नेहमीची तपासणी. एलईडी त्यातही पास होतो. आधीच्या मिस्त्रीनं तेवढंच पाहून मशीन बदललं असणार.

डॅशबोर्ड मंद दिसतो म्हणून अल्टरनेटर बसवला त्याच सुमारास काकांनी एका ॲक्सेसरीच्या दुकानातून सगळे बल्ब बदलून घेतले होते. गाडी कुठली, त्या बल्बचं काम काय, हे विचारायची त्या मंडळींना गरजच वाटत नाही. आणि कस्टमरही नेमकं हेच सांगायचं विसरतात.

साधा बल्ब लावला. हेडलाइट चालू ठेवून आयडलला १३.८ मिळाले. काका खूश.

मला मात्र तो मिस्त्री डोक्यातून जाईना. त्याचे राहिलेले पैसे काकांनी अडवून ठेवलेत, वर ओळखीपाळखीत त्याला चोर ठरवून मोकळे झालेत. ‘काका, त्यांना एक फोन करा, आणि हा डिकीतला पीस परत द्या, चांगला आहे,’ मी म्हटलं.

‘बघू,’ काका म्हणाले, आणि बिलात बल्बचे पैसे वेगळे का लावले ते विचारायला लागले.