लेकीला सोडून आले

आषाढ, गुरुवार. रात्रीचे साडेदहा.

आज सकाळी लेकीला डेक्कन क्वीनला सोडलं आणि एकटी गाडी चालवत घरी आले. त्यानंतर कॉलेजात तीन तास घेतले, बारावीच्या जर्नल्सवर सह्या केल्या, संध्याकाळी आईशी फोनवर बोलले. पण दिवसभर मनात सकाळचाच तो तासभर फिरतोय. म्हणून झोपायच्या आधी लिहून ठेवते.

उजवा पाय मांडीतून गेला, त्याला येत्या भाद्रपदात दोन वर्षं होतील. पावसात स्कूटर घसरली आणि मागून सिमेंटचा मिक्सर येत होता. त्याबद्दल याच वहीत पूर्वी पुष्कळ लिहून झालंय, आज नको.

त्याआधी अठरा वर्षं घरातली गाडी मीच चालवत होते. दादाकडे कार नाही, वहिनीला चालवायची भीती वाटते. त्यामुळे आईचे सगळे डॉक्टर, भाच्यांचे क्लास, स्वारगेटला उतरणारे कोल्हापूरचे पाहुणे हे सगळं माझ्याकडे. शेजारच्या काकूंच्या सुनेला रात्री अडीच वाजता कळा सुरू झाल्या तेव्हा बेल आमच्याच दारावर वाजली होती. मी गाऊनवर ओढणी घेतली आणि किल्ली उचलली. त्या बाळाची आता मुंज झाली.

पाय गेल्यावर मला सगळे न्यायला यायचे. अगदी प्रेमाने यायचे. मी वेळेच्या आधी अर्धा तास तयार होऊन खुर्चीत बसून राहायचे, कारण न्यायला येणाऱ्याला थांबायला लावायचं नाही. कुठे गेलं तरी परत कधी निघायचं हे सोडणाऱ्याच्या सोयीने. मी गाडी पुन्हा चालवायचं म्हणाले तेव्हा सगळ्यांनी समजावलं, की आता ओला-उबर आहेत, महिन्याच्या पगारावर ड्रायव्हर मिळतो. एका ड्रायव्हिंग स्कूलच्या माणसानेही हेच सांगितलं आणि शिकवायला नकार दिला. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मला नुसतं पोचायचं नव्हतं, मला न्यायचं होतं. हे कुणाला नीट सांगता आलं नाही. आज लिहितानाही पुरतं सांगता येतंय असं वाटत नाही.

लेक गाडी चालवायची आणि मी शेजारी बसायचे, तेव्हा एक गोष्ट दरवेळी व्हायची. समोर कुणी आडवं आलं की माझा उजवा पाय ब्रेक दाबायचा. नसलेला पाय. टाच टेकलेली, तळवा पुढे गेलेला, पोटरीला ताण आलेला, सगळं स्पष्ट जाणवायचं, आणि खाली बघावं तर तिथे फक्त रबराचं पायपुसणं. डॉक्टर म्हणाले, हे फॅन्टम. मेंदूतला पायाचा नकाशा पायाबरोबर जात नाही. फिजिओथेरपिस्ट ताईंनी आरसा लावून व्यायाम करून घेतला. दोन पायांच्या मध्ये उभा आरसा ठेवायचा, त्यात डावा पाय हलताना बघायचा आणि उजवाच हलतोय असं मेंदूला वाटू द्यायचं. ही रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेली पद्धत. दुखणं त्याने बरंच कमी झालं. ब्रेक दाबणं मात्र गेलं नाही, आणि खरं सांगायचं तर ते जाऊ नये असंच मला वाटायचं.

वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ साली, महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी सुरू झालं; तिथे आता आमच्यासारख्या नागरिकांनाही पाय मिळतो. तिथल्या बाकावर एक निवृत्त सुभेदार भेटले, साताऱ्याकडचे. उजवा पाय माझ्यासारखाच मांडीतून नाही. ते एकटे गाडी चालवत आले होते. मी त्यांना दीड तास प्रश्न विचारले. त्यांनी पहिली गोष्ट सांगितली, "ताई, आधी गाडी ऑटोमॅटिक घ्या. पाय एकच आहे, पेडलं दोनच पाहिजेत." २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला स्वस्तातला ऑटोमॅटिक गिअर, घेऊन आली, तेव्हापासून ऑटोमॅटिक आमच्यासारख्यांच्या बजेटमध्ये बसायला लागली. मी जुनी गाडी विकली आणि सेकंडहँड एएमटी घेतली.

डावा पाय गेला असता तर एवढ्यावरच भागलं असतं, कारण ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाला कामच नसतं. उजवा नसेल तर दोन वाटा आहेत. एक हातांची: स्टीअरिंगखाली दांडा बसवतात, ढकलला की ब्रेक, ओढला की अ‍ॅक्सिलरेटर, आणि स्टीअरिंग एका हाताने फिरवायला त्यावर गोल मूठ. दुसरी डाव्या पायाची: ब्रेकच्या डावीकडे आणखी एक अ‍ॅक्सिलरेटर बसवतात आणि उजवीकडच्या मूळ पेडलवर झाकण. मी दोन्ही गाड्यांत बसून पाहिलं. हातांची पद्धत मला आवडली होती, पण माझा उजवा खांदा अपघातानंतर अजून लवकर भरून येतो. म्हणून डावा पाय. एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला किट घेतला. ज्या टेकडीला आपण एआरएआय टेकडी म्हणतो, तिथल्या आवारात गाड्यांचं हे सगळं तपासलं जातं, हे इतकी वर्षं टेकडी चढूनही कधी मनात आलं नव्हतं. लेकीला गाडी चालवायची असेल तेव्हा डावीकडचं पेडल वर दुमडायचं आणि उजवीकडचं झाकण काढायचं, दोन मिनिटांचं काम.

किट बसला आणि मग खरी भीती कळली. डाव्या पायाला अठरा वर्षांत एकच काम ठाऊक होतं: क्लच. म्हणजे झटक्यात, पार तळापर्यंत दाबायचं. हलकं दाबणं त्याला येतच नव्हतं. ब्रेकला पाय लावला की गाडी जागच्या जागी आदळून थांबायची आणि लेकीचं कपाळ पुढे यायचं. त्याहून वाईट म्हणजे, घाबरल्यावर डावा पाय आपोआप जिथे जायचा, तिथे आता अ‍ॅक्सिलरेटर होता. या एका वाक्याने मला कितीतरी रात्री झोप लागली नाही. मी मुलांना फळ्यावर शिकवते की ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण ११ मीटर. पाय चुकून सापडायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर साडेपाच मीटर. म्हणजे समोरची अख्खी गाडी, आणि वर दीड मीटर. त्या दीड मीटरमध्ये कुणीतरी रस्ता ओलांडत असतं.

मग आम्ही घरात सुरुवात केली. डायनिंगच्या खुर्चीत बसायचं, भिंतीला वजनकाटा टेकवून ठेवायचा, आणि डाव्या पायाने काट्यावर पाच किलो दाब आणून तो धरून ठेवायचा. मग आठ. मग बारा. लेक आकडा सांगायची, मी डोळे मिटून दाबायचे. पहिल्या दिवशी पाच म्हटलं की तेवीस यायचे. तीन आठवड्यांनी पाच म्हटलं की सहा यायला लागले. शेजारी पाटावर एक जुना डबा ठेवायचा, तो अ‍ॅक्सिलरेटर. ती टाळी वाजवेल तेव्हा डब्यावरून पाय उचलून काट्यावर. रोज शंभर वेळा. टाळी कधी वाजेल हे ती सांगायची नाही. मी कुकरच्या शिट्ट्या मोजत असताना, फोनवर बोलत असताना, ती मागून येऊन टाळी वाजवायची. या पोरीने माझ्यासाठी जे केलं ते मी फेडू शकणार नाही.

रस्त्यावरचा सराव पौषात केला. पौषात लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे म्हात्रे पूल ते राजाराम पूल हा डीपी रोड, एरवी दोन्ही बाजूंच्या लॉन्समुळे तुंबलेला, पहाटे पार मोकळा असतो. धुकं, कुत्री, दूधवाले आणि आम्ही दोघी.

परवान्यावर नवा वर्ग चढवायचा म्हणून पुन्हा शिकाऊ परवाना, डॉक्टरांचा फॉर्म १-अ, गाडीत बदल करायची परवानगी, मग तपासणी, मग आरसी बुकावर नोंद, विमा कंपनीला पत्र. संगम पुलाजवळच्या आरटीओत किती खेपा झाल्या ते लिहीत नाही. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीला 'इन्व्हॅलिड कॅरेज' म्हटलं होतं. २०१९च्या दुरुस्तीत तो शब्द गेला आणि 'अडॅप्टेड व्हेइकल' आला. अर्ज भरताना मी तो नवा शब्द दोनदा वाचला. मला बरं वाटलं. बदल गाडीत केलाय असं त्यात म्हटलंय, आणि ते खरं आहे.

चैत्रात दांडेकर पुलाच्या सिग्नलला एक प्रसंग झाला. कृत्रिम पाय लावूनच चालवत होते. हिरवा लागला, गाडी सरकली, पुढची रिक्षा अचानक थांबली, मी ब्रेकला पाय नेला आणि ब्रेक खालीच जाईना. कृत्रिम पायाचं पाऊल घसरून पेडलखाली गेलं होतं. त्याला काही जाणवत नाही, त्यामुळे मलाही कळलं नाही. लेकीने हँडब्रेक ओढला. रिक्षाच्या बंपरला फक्त टेकली. रिक्षावाले मामा उतरले, आत वाकून बघितलं, आणि काही न बोलता पुढचा सिग्नल सुटेपर्यंत मागच्या गाड्यांना हात दाखवत उभे राहिले. तेव्हापासून चालवायला बसले की पाय काढून मागच्या सीटवर ठेवते. सॉकेटची, म्हणजे मांडी ज्यात बसते त्या खोबणीची, कड जांघेत रुतायची, तेही थांबलं.

तर आज. सव्वासहाला निघालो. बारीक पाऊस. कर्वे रोडला वर्दळ नव्हती, नळ स्टॉपचा सिग्नल एका दमात मिळाला. डेक्कनवरून जंगली महाराज रोड, संचेती चौक, इंजिनिअरिंग कॉलेज. लेक शेजारी पोळीभाजीचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि रस्त्याकडे बघत नव्हती, फोनमध्ये बघत होती. हे मला इतकं छान वाटलं! सहा महिने तिची नजर रस्त्यावर आणि हात हँडब्रेकजवळ असायचा. संगम पुलाच्या चढावर बस आडवी आली. आधी नसलेल्या उजव्या पायाने ब्रेक दाबला, हे मला नेहमीसारखंच जाणवलं, आणि लगेच पाठोपाठ डाव्याने, हलकेच, बेताने. गाडी थांबली. लेकीने मान वर केली नाही.

स्टेशनवर मला उतरता येणार नव्हतं, पाय मागच्या सीटवर. मागे रिक्षा हॉर्न देत होत्या. ती बॅग घेऊन उतरली, फिरून माझ्या खिडकीशी आली, आत वाकली, ओल्या केसांनी माझ्या गालाला गाल लावला. "आई, घाई करू नकोस येताना," म्हणाली. मीही तिला दरवेळी हेच सांगायचे. मग गेली.

परतताना शेजारची सीट रिकामी. दोन वर्षांत पहिल्यांदा गाडीत मी एकटी होते. रेडिओ लावला नाही. वायपरचा आवाज ऐकत आले. गरवारे पुलाजवळ डावी मांडी थरथरायला लागली, म्हणून कडेला घेऊन दोन मिनिटं थांबले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले.

पार्किंगमध्ये गाडी लावून फोन बघितला. सात सोळाचा मेसेज होता: "सुटली. तू कुठे?" मी लिहिलं, "घरी. खाली गाडीतच आहे." मग मागे हात घालून पाय ओढून घेतला, मांडीवर लायनर, म्हणजे सॉकेटच्या आत घालायचा मऊ मोजा, चढवला. घामाने दोनदा सरकला, तिसऱ्यांदा बसला.

उद्या आईला मोतीबिंदूच्या तपासणीला न्यायचंय. डोळ्यांत थेंब घातल्यावर तिला तीन-चार तास नीट दिसत नाही, त्यामुळे दारापर्यंत गाडी हवी. दादाला मघाशीच फोन करून सांगितलं, तू सुट्टी घेऊ नकोस. अपॉइंटमेंट दहाची आहे, पण टिळक रोडला साडेनऊनंतर पार्किंग मिळत नाही. सव्वाआठला निघावं लागेल.