फुरशाच्या सड्यावर कातळशिल्पं पाहताना

राजापूर तालुक्यातला सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, पावसाळा सरता सरता पाहावा. जांभ्या कातळावर गुडघाभर गवत, खळग्यांत साचलेलं पाणी आणि त्याच कातळात कोरलेली माणसं, मासे, वाघ. काशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या आत तर आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आता पुण्या-मुंबईची माणसं इथवर येतात. चपला घालून गवतात शिरतात, दगड रचून केलेल्या गडग्यावर, म्हणजे बांधावर, हात टेकून बसतात. मला ते बघवत नाही, कारण हा सडा फुरशाचा, त्या छोट्या पण विषारी सापाचा आहे.

आमच्याबरोबर गावातले एक काका होते. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी माझ्या भाचीच्या सँडलकडे पाहिलं. "बूट घाल गो बाय. आणि दगड उलथायचा नाय."

दुपार कलल्यावर परतीच्या वाटेवर काकांनी काठी आडवी धरून सगळ्यांना थांबवलं. करवंदीच्या बुडाशी फुरसं होतं. जेमतेम हातभर लांब, मातकट रंगाचं. पाठीवर दोन्ही बाजूंनी फिकट नागमोडी रेघ, डोक्यावर बाणासारखी खूण. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासत होतं आणि त्यातून तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा चर्र आवाज सतत येत होता. हा आवाज तोंडातून येत नाही. कुशीवरचे खवले करवती धारेचे असतात, ते घासले की होतो. आम्ही आल्या पावली मागे सरलो आणि लांबून वळसा घातला. त्याला मारायचा विषयही काकांनी काढला नाही, याचं मला फार बरं वाटलं. याच जिल्ह्यात ब्रिटिश आमदानीत फुरशी मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळायचं. भरमसाट मारली गेली, तरी फुरसं सड्यावर आहेच.

फुरसं अंगावर धावून येत नाही. दिवसा ते दगडाखाली, कातळाच्या भेगेत, गवताच्या बुडख्यात पडून असतं. विंचू, गोम, बेडूक, पाली हे त्याचं खाणं, आणि तेही तिथंच मिळतं. म्हणून हात कुठे घालतो आणि पाय कुठे टाकतो, यावरच सगळं आहे. घोट्यावर येणारे बूट, जाड कापडाची सैल पँट, हातात काठी. अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय अंगणातही उतरू नये. रात्री पडवीत जमिनीवर झोपायची हौस असेल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, कारण मण्यार झोपलेल्याला चावते आणि कित्येकदा ते कळतही नाही.

आणि चावलंच तर? फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवतं. चावल्या जागी सूज येते. पुढे हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागतं. म्हणून दवाखान्यात कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून बरोबर न्यायची गरज नाही. लहान मुलालाही ते मोठ्या माणसाइतकंच द्यावं लागतं, कारण साप विष सोडताना वय बघत नाही.

काकांनी सांगितलं, पूर्वी पान लागलं, म्हणजे साप चावला, की आधी मांत्रिकाकडे नेत, आता रिक्षा थेट दवाखान्याकडे वळते. हेच व्हायला हवं. करकचून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडाने विष ओढू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला सैलसर बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि १०८ ला फोन करा.

सड्यावर कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. म्हणून निघण्याआधी सर्वांत जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि राजापूरच्या ग्रामीण रुग्णालयात फोन करून प्रतिविष आहे का, रात्री डॉक्टर असतात का, हे विचारून घ्या. गावातला माणूस बरोबर घ्या आणि त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. पहिल्यांदाच जाणार असाल तर सड्यावरचं गवत कापून झाल्यावर जा. शिल्पंही तेव्हाच पुरती दिसतात आणि पायाखालचा कातळही.