सेमिट, सार्क आणि आपला गंजीफ्रॉक

अ‍ॅन्स्ट्रदरला आगगाडी जात नाही. आम्ही एडिनबरोहून लूकर्सपर्यंत गाडीने गेलो, तिथून सेंट अँड्र्यूजची बस आणि मग किनाऱ्याने दुसरी बस. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फाइफमधलं हे जुनं हेरिंग मासळीचं बंदर. गावकरी त्याला नुसतं ‘एन्स्टर’ म्हणतात. 1969 साली सुरू झालेलं स्कॉटिश फिशरीज म्युझियम बंदरालगतच आहे. आधी पाच मिनिटं धक्क्यावर वारं खा, मग आत शिरा. तिथल्या लोकरीचं मोल तेव्हाच कळतं.

थंडीच्या कपड्यांची स्कॉट्स भाषेतली नावं मला फार आवडतात. अंगालगतचा लोकरीचा किंवा फ्लॅनेलचा बनियन म्हणजे सेमिट. लिंडर त्याचाच भाऊबंद. वायलीकोट त्याहून जुना: आतला उबदार सदरा किंवा बायकांचा परकर. सार्क म्हणजे सदरा, शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेचा. छपराच्या स्लेटांखाली ठोकतात त्या फळ्यांनाही ‘सार्किंग’च म्हणतात. घरालासुद्धा आतून सदरा!

या सगळ्यावर कोळी चढवत तो गॅन्झी, म्हणजे लोकरीचा स्वेटर. पाच पदरी, घट्ट पिळाची लोकर. धड सुयांवर गोल विणलेलं, बाजूला शिवण नाही. वीण इतकी दाट की वारा आत शिरत नाही. काखेत चौकोनी कळी असते, म्हणून जाळं ओढताना हात अडत नाही. पुढची-मागची बाजू सारखीच, त्यामुळे कोपरं झिजली की उलटा फिरवून घालायचा. बाहीचे टाके खांद्याशी उचलून खाली विणत आणतात. मनगट विरलं तर तेवढंच उसवून पुन्हा विणता येतं. बाही मुद्दाम आखूड ठेवतात, कारण खाऱ्या पाण्याने भिजलेली लोकर मनगटाला घासून फोड येतात.

गॅन्झी हे इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाचं नाव. आपला गंजीफ्रॉकही तिथलाच! तिकडे तो सगळ्यात वर, आपल्याकडे सगळ्यात आत.

गॅन्झी विकत घेतलात तर गरम पाण्यात चोळू नका. लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कपडा आटून नमदा होतो आणि तो परत सैल होत नाही. कोमट पाण्यात बुडवा, पिळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर पाण्याच्या वजनाने बाह्या लोंबतात आणि त्या आखूड मनगटाची सगळी युक्ती फुकट जाते.