पुढच्या जुरासिकची वाट पाहताना: डायनासोरचं वजन कसं ओळखायचं आणि सोलापुरातून तो कुठे पाहायचा

'जुरासिक वर्ल्ड: रिबर्थ' जुलै २०२५ मध्ये येऊन गेला आणि चाहत्यांचा पुढचा प्रश्न लगेच सुरू झाला: आता पुढचा कधी? माझ्या मते विचारायचा प्रश्न वेगळा आहे. पुढच्या भागातला डायनासोर जड वाटेल का? पडद्यावरचा प्राणी कितीही मोठा काढा, तो जमिनीवर तरंगतोय असं वाटलं की भीती संपते. १९९३ चा पहिला भाग, 'जुरासिक पार्क', आजही अंगावर येतो, कारण त्यातल्या प्रत्येक माणसाने वजन दाखवण्यावर मेहनत घेतली होती. ती कशी, हे कळलं की नवा ट्रेलर पाहण्याची नजर बदलते.

सुरुवात गाडीच्या डॅशबोर्डवरच्या पाण्याच्या ग्लासांपासून करू. टी-रेक्स अजून दिसलेला नाही, फक्त पाण्यात गोल गोल वलयं उठतात. स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकेल लँटिएरींना ही वलयं नीट जमत नव्हती. टेबल हलवलं तर पाणी नुसतं डचमळतं. मधोमध एकाच केंद्रातून वलयं उठायला हवी असतील तर कंपन एकसारखं आणि ठरावीक वारंवारतेचं लागतं. शेवटी गिटारची तार डॅशबोर्डखालून ताणून बसवली आणि ती छेडली, तेव्हा हवी तशी वलयं मिळाली. प्राणी न दाखवता त्याचं वजन दाखवण्याचा याहून चांगला नमुना या मालिकेत पुन्हा झालेला नाही, असं माझं ठाम मत आहे.

मग खुद्द टी-रेक्स. स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने तो पूर्ण आकाराचा बांधला: लांबी १२ मीटरच्या आसपास, वजन चार टनांहून जास्त, आत हायड्रॉलिक यंत्रणा, वरून फोम रबरची कातडी. हल्ल्याच्या प्रसंगात कृत्रिम पाऊस होता आणि घोटाळा तिथेच झाला. फोम रबर स्पंजासारखं पाणी पितं. यंत्रणा कोरड्या कातडीच्या वजनाला जुळवलेली होती, त्यामुळे कातडी भिजून जड झाली की अख्खं धूड थरथरायला लागायचं. दोन शॉटच्या मध्ये माणसं टॉवेल घेऊन ते पुसत, वाळवत बसायची. एवढा त्रास का सोसला? खऱ्या वस्तूवर पाऊस खरा पडतो, डोक्याची धडक बसली की गाडीचा पत्रा खराच चेपतो आणि नटांना काय बघून घाबरायचं हे समोर दिसत असतं.

संगणकावरच्या प्राण्यांचंही तेच. पहिल्या भागात डायनासोर सगळे मिळून साधारण १५ मिनिटंच दिसतात आणि त्यातला संगणकी भाग निम्म्याहूनही कमी आहे. फिल टिपेट हे बाहुल्या फ्रेमफ्रेमने हलवणारे जुने कारागीर. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीच्या संगणकी चाचण्या पाहून त्यांची पद्धत बाजूला पडली, पण माणूस बाजूला पडला नाही. बाहुलीच्या सांगाड्याच्या सांध्यांत सेन्सर बसवले गेले. कारागीर हाताने सांगाडा हलवणार आणि संगणकातला डायनासोर तसाच हलणार. प्राणी आधी वजन एका पायावर घेतो, मग शेपूट उलट बाजूला जाते, मग दुसरा पाय उचलतो, हा क्रम हाताला माहीत असलेली माणसं त्यामुळे कामात राहिली.

आवाजाची रचना गॅरी रायडस्ट्रॉम यांची. टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि मगर-कुळातला अ‍ॅलिगेटर यांचे आवाज मिसळले आहेत. पावलांसाठी मोठी झाडं कापल्यावर जमिनीवर कोसळतात तो दणका वापरला. गॅलिमिमस हा शहामृगासारखा डायनासोर तोंडात धरून टी-रेक्स झटकतो तिथे रायडस्ट्रॉम यांचा पाळलेला छोटा कुत्रा दोरीचं खेळणं झटकतोय. डीटीएस ही ध्वनिपद्धतही याच चित्रपटापासून थिएटरात आली. आवाज वेगळ्या सीडीवर आणि फिल्मच्या कडेला फक्त वेळेची खूण, म्हणून आवाज फिल्मच्या घासण्याने खराब होत नसे.

पुढच्या भागांबद्दल थोडक्यात. १९९७ च्या 'द लॉस्ट वर्ल्ड'मध्ये कड्यावर लटकलेल्या ट्रेलर-गाडीची काच तडकत जाते, तो प्रसंग पूर्णपणे वजनाचा आहे आणि तिथे डायनासोर पडद्यावर नसला तरी चालतं. २००१ चा तिसरा भाग ९२ मिनिटांत आटोपतो. २०१५ चा चौथा बहुतांशी संगणकी आहे, पण मरणपंथाला लागलेल्या अ‍ॅपॅटोसॉरसचं डोकं आणि मान खरी बांधलेली होती आणि त्या चित्रपटात मन हेलावतं ते तिथेच. २०१८ आणि २०२२ च्या भागांत यांत्रिक प्राणी पुन्हा वाढले, तरी पळापळीच्या दृश्यांत प्राणी फार सहज वळतात, फार सहज थांबतात. गॅरेथ एडवर्ड्स यांच्या 'रिबर्थ'मध्ये नदीतला तराफा आणि झोपलेला टी-रेक्स हा प्रसंग मायकेल क्रायटन यांच्या मूळ कादंबरीतून आला आहे. पहिल्या भागात तो बसला नव्हता. मला त्या चित्रपटातलं सगळ्यात चांगलं काम तिथे दिसतं. प्राणी आळोखेपिळोखे देत उठतो आणि उठायला वेळ घेतो.

'रिबर्थ'मधल्या टायटॅनोसॉरसचं नातं तर थेट आपल्याकडचं आहे. जबलपूरला १८२८ मध्ये हाडं सापडली आणि त्यावरून रिचर्ड लायडेकर यांनी १८७७ मध्ये टायटॅनोसॉरस हे नाव दिलं. त्याच कुळातला आयसिसॉरस चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. सोलापुरात मात्र जीवाश्म शोधत फिरू नका. आपल्या पायाखाली सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा पाषाण आहे आणि हाडं टिकतात ती गाळाच्या थरांत.

आता ट्रेलर. पुढच्या भागाचा पहिला ट्रेलर आला की तो एकदा मजेसाठी पाहा आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त पाय पाहा. पाऊल टेकल्यावर बोटं पसरतात का, माती दबते का, धूळ पावलाबरोबर न उडता क्षणभराने उडते का. वळताना डोकं आधी जातं आणि शेपूट विरुद्ध बाजूला तोल सांभाळते का. धावता प्राणी एकदम थांबला तर त्याचं अंग पुढे ओढलं जातं का. पहिल्या भागात टी-रेक्सचा वेग ताशी ३२ मैल, म्हणजे ५१ किलोमीटरच्या आसपास सांगितला आहे. जॉन हचिन्सन आणि मारियानो गार्सिया यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एवढ्या धुडाला वेगाने धावण्यासाठी पायात अशक्य प्रमाणात स्नायू लागले असते. म्हणून टी-रेक्स हरणासारखा पळताना दिसला की डोळा आपोआप 'खोटं' म्हणतो, शास्त्र माहीत नसलं तरी. कॅमेरा कुठे ठेवलाय हेही बघा. माणसाच्या उंचीवरून वर पाहिलं की प्राणी मोठा होतो, ड्रोनच्या उंचीवरून तोच लहान दिसतो. एक सूट मात्र द्या: ट्रेलर कापताना बरेच शॉट अपुरे असतात आणि त्याचा आवाज वेगळा मिसळलेला असतो. त्यामुळे रंग आणि डरकाळीवरून निकाल देऊ नका, चालीवरून द्या.

खोटे ट्रेलर ओळखायलाही हीच कसोटी पुरते. एआयने बनवलेल्या तुकड्यांत पाय जमिनीवर घसरतात, बोटांची संख्या शॉटगणिक बदलते, चिखलात पाऊल पडूनही ठसा उमटत नाही. त्याआधी व्हिडिओ ही मालिका काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या अधिकृत चॅनेलवर आहे का ते पाहा, म्हणजे नव्वद टक्के व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड तिथेच गळतील.

तारखांचंही तसंच. 'रिबर्थ'चा क्रम लक्षात ठेवा: जानेवारी २०२४ मध्ये लेखक डेव्हिड केप यांची बातमी, फेब्रुवारीत दिग्दर्शक, जूनमध्ये चित्रीकरण, फेब्रुवारी २०२५ मध्ये पहिला ट्रेलर, जुलैमध्ये प्रदर्शन. चित्रीकरण सुरू झाल्याशिवाय कुठलीही तारीख पक्की मानू नका आणि सुरू झालं तरी सावध राहा. 'डोमिनियन'चं चित्रीकरण फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झालं, मार्चमध्ये कोविडमुळे थांबलं आणि जून २०२१ चा चित्रपट जून २०२२ मध्ये आला. भारतातली तारीख अमेरिकेपेक्षा वेगळी असू शकते. २०१८ चा 'फॉलन किंगडम' आपल्याकडे ७ जूनला आला, अमेरिकेत २२ जूनला. त्या दोन आठवड्यांत तिकडचे चाहते इंटरनेटपासून लपून बसले होते, आपण निवांत होतो.

उजळणी करायची तर सातही भाग मिळून ८८१ मिनिटं, म्हणजे १४ तास ४१ मिनिटं होतात. तेवढा वेळ नसेल तर पहिला, 'लॉस्ट वर्ल्ड' आणि 'रिबर्थ' हे तीन पुरेत. साडेसहा तासांत, एका रविवारात होतात.

घरी पाहताना टीव्हीची एक सेटिंग आधी बंद करा: मोशन स्मूदिंग. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, पिक्चर सेटिंगमध्ये 'मोशन' शब्द शोधा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः तयार करून भरतो, मग हालचाल गुळगुळीत होते आणि टी-रेक्स टीव्ही मालिकेतल्या कलाकारासारखा हलका चालायला लागतो. झूमही बंद ठेवा. पहिले तीन भाग १.८५:१ (रुंदी:उंची) प्रमाणात आहेत, टीव्हीवर जवळपास पूर्ण बसतात. 'फॉलन किंगडम' आणि 'रिबर्थ' २.३९:१ आहेत, त्यांना वरखाली काळ्या पट्ट्या येणारच. झूम केलंत तर शेपटी कापली जाईल.

आवाजाचं दुखणं मोठं. टीव्हीचे छोटे स्पीकर १०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे खोल खर्जात, जवळजवळ काही देत नाहीत आणि पावलांचा दणका तिथेच राहतो. सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा, ८० हर्ट्झवर ठेवा आणि 'नाइट मोड' बंद करा, कारण तो हळू आणि मोठ्या आवाजातला फरकच पुसून टाकतो. सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास वाढतो पण घुमतो. योग्य जागा शोधायची सोपी रीत अशी: सबवूफर आपल्या बसण्याच्या जागी ठेवायचा, पावलांचा प्रसंग लावायचा आणि खोलीभर रांगत फिरायचं. जिथे दणका स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर न्यायचा. मागच्या उघड्या भिंतीवर जाड सोलापुरी चादर टांगली तर संवादांचा प्रतिध्वनी कमी होतो. बास मात्र चादरीने अडत नाही, तेव्हा खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.

थिएटरचं म्हणाल तर पहिला खेळ सोलापुरातच पाहा, गर्दीत पाहण्याची मजा वेगळी. बुकिंग करताना तीन गोष्टी तपासा. भाषा: हे चित्रपट इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही येतात, पण शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषिक घरांना हवा असलेला तेलुगू खेळ इथे लागेलच असं नाही आणि इंग्रजी खेळ मोजके असतात. डब पाहिला तरी डरकाळीचं नुकसान होत नाही, फक्त संवादांचा ट्रॅक बदलतो. थ्रीडी: चष्म्यामुळे उजेड बराच घटतो आणि या मालिकेतले महत्त्वाचे प्रसंग रात्रीचे, पावसातले असतात, म्हणून मी टूडीच सुचवेन. जागा: पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे, मधोमध. अगदी शेवटच्या भिंतीला टेकून बसू नका, तिथे बास फुगतो. आवाज बारीक वाटला तर मध्यंतराची वाट न पाहता बाहेर जाऊन सांगा, बहुतेक ठिकाणी वाढवतात.

दुसऱ्यांदा आयमॅक्सच्या भल्यामोठ्या पडद्यावर पाहायचा तर पुणं गाठावं लागेल, साधारण २५० किलोमीटर. इथे कॅलेंडर आडवं येतं. हे चित्रपट बहुधा जून-जुलैत येतात आणि तेव्हाच आषाढी असते. २०२५ मध्ये 'रिबर्थ' ४ जुलैला आला, एकादशी ६ जुलैला होती. वारीच्या पंधरवड्यात तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, इंदापूर भागात पुणे-सोलापूर रस्त्याला येते, वाहतूक वळवली जाते आणि गाडीने गेलात तर किती वेळ लागेल सांगता येत नाही. रेल्वेने जा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणून भारतातली तारीख पक्की झाली की त्या शनिवार-रविवारचं तिकीट लगेच काढा, सिनेमाचं नंतर काढलं तरी चालतं. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि साडेदहापर्यंत पुण्यात पोहोचते. परतीची संध्याकाळी सहाला आहे. वेळा एकदा तपासून घ्या. साडेअकरा-बाराचा खेळ धरला तर जाहिराती आणि मध्यंतर धरून तीनपर्यंत मोकळे होता. श्रेयनामावली संपेपर्यंत उठू नका, 'फॉलन किंगडम'मध्ये तिच्यानंतर टेरानोडॉन हे उडणारे प्राणी लास व्हेगासमध्ये उतरतात तो तुकडा बऱ्याच जणांनी घाईत गमावला होता.