टेबलातली शेगडी आणि जेजूचं काळं पोर्क

जेजूला जाणारे हल्लासान चढतात, समुद्रकाठचे काळे खडक बघतात, संत्र्यांच्या बागांत फिरतात. हे सगळं कराच, पण एक संध्याकाळ निव्वळ जेवणासाठी राखून ठेवा. दक्षिण कोरियाच्या या ज्वालामुखी बेटावरच्या काळ्या डुकराचं पोर्क देशभर नावाजलेलं आहे आणि ते तिथेच, निखाऱ्यांवर, आपल्या डोळ्यांसमोर भाजलेलं खावं असं माझं ठाम मत झालं आहे. सोलच्या गिम्पो विमानतळावरून तासाभरात जेजूला पोचता येतं. सुवॉनला नोकरी करणारा माझा मावसभाऊ बरोबर होता, त्यामुळे भाषेची चिंता नव्हती.

जेजू शहरात डोंगमुन बाजारापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर या पोर्कच्या हॉटेलांची अख्खी गल्ली आहे. बाजारात भटकून आम्ही दिवेलागणीच्या आधीच तिथे गेलो. बसायच्या गोल स्टुलाचं झाकण उघडून आत कोट आणि पर्स ठेवली, म्हणजे धुराचा वास लागायला नको. टेबलाच्या मधोमध खड्डा असतो, त्यात रसरसलेले निखारे आणून ठेवतात आणि वर जाळी बसवतात. धूर ओढणारी नळी छतातून थेट जाळीच्या वर खाली येते. चमचे आणि स्टीलच्या काड्या टेबलाच्याच खणात. मांस यायच्या आधी टेबल वाट्यांनी भरून गेलं: किमची, मुळ्याचं लोणचं, कांद्याची आंबट कोशिंबीर, लसणाच्या पाकळ्या, पानांची टोपली. या वाट्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपल्या की पुन्हा भरून मिळतात.

जाड कापलेलं मांस इथे बऱ्याच ठिकाणी 'गन' या जुन्या मापाने मिळतं. एक गन म्हणजे 600 ग्रॅम. दोघांना अर्धा गन पुरतो, पण आम्ही नंतर आणखी मागवलं. सोलमध्ये बहुतेकदा कातडीशिवायचं सामग्योप्सल, म्हणजे डुकराच्या पोटाकडचं चरबीचे थर असलेलं मांस, खाल्लं जातं. जेजूची खासियत कातडीसकटचं ओग्योप्सल. आमच्या तुकड्याच्या कातडीवर बारीक काळे ठिपके होते. ती केसांची मुळं. काळ्या डुकराची खूण म्हणून ती दिसू देतात.

भाजायचं काम वाढणाऱ्या मावशींनी हातात घेतलं आणि तो सोहळाच होता. दोन बोटं जाडीचा तुकडा जाळीवर ठेवून त्या शांत उभ्या राहिल्या. आपल्याला सारखं उलटण्याची घाई असते, त्यांना अजिबात नव्हती. खालची बाजू खरपूस झाल्यावरच चिमट्याने उलटलं, मग कडेवर उभं करून चरबीची बाजू भाजली. चरबी निखाऱ्यावर पडली की 'चर्र' आवाज आणि क्षणभर जाळ. शेवटी मोठ्या कात्रीने चौकोनी तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याच्या सगळ्या बाजू पुन्हा जाळीला लावल्या.

याच जाळीच्या कोपऱ्यात एक छोटं भांडं उकळत होतं. ते मेलजोत: बारीक मासे मिठात मुरवून केलेलं कालवण, त्यात लसूण आणि मिरची. वास उग्र असतो, पण सुक्या मासळीवर वाढलेल्या कोकणी माणसाला तो परका वाटणार नाही.

"ताई, पहिला तुकडा नुसत्या मिठाबरोबर खा," भाऊ म्हणाला. मी खाल्ला. वाटण नाही, मसाला नाही, आणि तरीही तोंडात काही कमी आहे असं वाटलं नाही. कातडी चिवट-कुरकुरीत, आतली चरबी गोडसर, मांस रसदार. मसाल्यावर माझं अतोनात प्रेम आहे, पण हे मांस त्याच्याशिवायच खावं. दुसरा तुकडा मेलजोतमध्ये बुडवून खाल्ला. तिसऱ्यासाठी तळहातावर लेट्यूसचं पान, त्यावर केन्निपचं उग्र वासाचं पान, मग मांस, भाजलेला लसूण आणि सामजांग ही तिखट-खारट चटणी. पुरचुंडी करायची आणि अख्खी तोंडात टाकायची. अर्धी चावली तर सगळं हातात येतं आणि चवही फुटते. जाळीवर चरबीत परतलेली कोसारी, म्हणजे नेच्याचे कोवळे कोंब, मात्र पानात गुंडाळू नका. ती मांसाबरोबर सुटीच छान लागते.

दुसऱ्या दिवशी सोंगउप या जुन्या गावात दगडी भिंतींचा शौचखोपा आणि त्याला लागूनचा डुकराचा गोठा पाहिला. पूर्वी गोव्यातही शौचालयाखाली डुकरं असायची, त्यामुळे मला ती रचना लगेच कळली. जेजूत त्या गोठ्यातलं खत बार्लीच्या शेतात जायचं. पातळ, पाणी न धरणाऱ्या ज्वालामुखी मातीत त्या खताचं मोल मोठं होतं. जेजूच्या मूळ काळ्या डुकराला 2015 मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. ती डुकरं जपली जातात. हॉटेलात येतं ते फार्मवरच्या संकरित काळ्या डुकरांचं मांस.

मांस संपल्यावर बर्फाळ रश्श्यातल्या शेवया, नेंगम्योन, जरूर मागवा. तोंडातली चरबी धुऊन निघते. एकट्याने जाणार असाल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी किमान दोन माणसांची ऑर्डर लागते. बरोबर कुणी शाकाहारी असेल, तर मात्र त्यांच्यासाठी दुसरी सोय बघा: अळंबी आणि पानं मिळतील, पण किमचीत बहुधा माशाचं पाणी असतं आणि सूपही अनेकदा मासळीचंच.